तीन नंबरचा हिरवा

एकोणनव्वद हा आकडा तिला हिरव्या चौकोनात दिसला आणि दोन श्वासांत त्याचा एक्क्याण्णव झाला. एवढंच झालं. दुपारचे अडीच वाजले होते, सिस्टर शेजारच्या दोन नंबरच्या खाटेवर वाकून त्या बाळाला वाफ देत होत्या, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दोन नंबरचा चौकोन लाल झालेला होता. तिची मुलगी, ठिपी, तीन नंबरला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला की चौकोन लाल होतो, हे पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं. "आकडे वाचत बसू नका हो, डोळे फुटतील. रंग बघा. हिरवा म्हणजे झोपा, लाल म्हणजे मला हाक मारा. आणि हाक मारायच्या आधीच मी येते." या वॉर्डात चार खाटा होत्या, चारांवर दम लागलेली चार बाळं, चौघांच्या पायाच्या अंगठ्याला क्लिप, आणि वायरी थेट त्या एका स्क्रीनला. भोंगा मुद्दाम बंद ठेवलेला, कारण एकाचा वाजला की चारही पोरं रडायला लागायची आणि रडली की चौघांचे आकडे घसरायचे. म्हणून इथे सगळा कारभार रंगावर. तीन दिवस तीही रंगावरच जगली होती. एकोणनव्वद आणि हिरवा. चुकीचं वाचलं असेल, ती स्वतःला म्हणाली. झोप नाही, डोळे जळताहेत. तिने ठिपीच्या कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. त्र्याण्णव, हिरवा. पण या वेळी तिची नजर आकड्यावर नव्हती, चौकोनाच्या कोपऱ्यावर होती. चारही कोपरे गोलसर. त्यातल्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका कमी होता.

तो कमी पडलेला ठिपका तिचा होता. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता, पण स्वतःच्या हातची शिवण बाई गर्दीतही ओळखते तसा तिने तो ओळखला. हे चित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, तिने दोन वर्षं खपून लिहिली होती. तिची आई शेजारीपाजारी कौतुकाने सांगायची, आमची मुलगी लायब्ररीत असते, आणि लोक विचारायचे, मासिकं मिळतील का. तिने समजावून सांगायचं सोडून दिलं होतं. आता मात्र आईला समजावून सांगावं असं तिला फार वाटलं. आई, स्क्रीनवर चित्र काढणारं एक कार्ड असतं. प्रत्येक मशीनमधलं वेगळं, प्रत्येकाची बोलायची तऱ्हा वेगळी, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात खड्डे. मी मध्ये बसते. लोक माझ्याशी साध्या शब्दांत बोलतात आणि मी कार्डाशी त्याच्या भाषेत. फोन असो, दुकानातला पडदा असो, चित्र तेच येणार आणि खड्ड्यात कुणी पडणार नाही. एवढंच माझं काम. त्यांच्या टीममधले सगळ्यात वयस्क, ज्यांना सगळे काका म्हणत, ते नव्या पोरांना कार्डाचा स्वभाव सांगताना आपल्या आत्याचं उदाहरण द्यायचे. "मी एकदा, फक्त एकदा, 'आत्या, मीठ जरा कमी' म्हणालो. झालं. वीस वर्षं अळणी जेवतोय तिच्याकडे. कार्ड तसंच. एकदा लाल म्हणालात की जगातलं सगळं लाल, कुणीतरी दुसरं सांगेपर्यंत. आणि सांगायला विसरलात की पुढच्याच्या अंगावर मागच्याचा रंग." सगळे हसायचे. ती हसायची नाही. मागच्याचा रंग पुढच्याच्या अंगावर, हे तिला त्या आत्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ती दाराशी उभी राहून बुटांचा आवाज ऐकायची. डावा बूट काढताना ते थांबले तर दिवस बरा गेलेला. दोन्ही धाडधाड पडले तर ऑफिसात कुणीतरी त्यांना काहीतरी बोललेलं, आणि तो लाल मग जिना चढून घरी आलेला असायचा. वहीवर शाई सांडलेली असो वा नसो, पाढा येत असो वा नसो. एकदा ती नवा फ्रॉक दाखवायला धावत गेली. त्यांनी फ्रॉककडे पाहिलंच नाही, हात उचलला. नंतर आई म्हणाली, "अगं, तुझ्यावर नव्हते ते चिडलेले." मग कुणावर? आठ वर्षांच्या मुलीला हे कळत नव्हतं, की जो राग तिचा नाही तो तिच्या गालावर कसा. मोठी झाल्यावर बाबांना तिने माफही केलं, पण काम करताना तिचा एकच हट्ट राहिला, की आपल्या लायब्ररीत काही मागचं राहायचं नाही. प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. चौकोन काढायचा, तर कुठे, केवढा, कुठल्या रंगाचा, सगळं त्या एका सांगण्यात. काढून झालं की विसरायचं. पुढचा येईल तो कोरा येईल. लायब्ररीसोबतच्या माहितीत पहिली ओळ तिने स्वतः लिहिली होती: ही लायब्ररी काहीही लक्षात ठेवत नाही. काका म्हणाले होते, "बाई, ही जाहिरात आहे का प्रार्थना?"

आणि मग त्या आठ ओळी. ठिपी पोटात असताना, रजेवर जायच्या आदल्या दुपारी. साहेबांनी एक जुनाट मशीन आणून टेबलावर ठेवलं होतं. त्यावर चित्र अडखळत होतं. "सगळं दर वेळी पहिल्यापासून सांगतेस म्हणून वेळ जातोय," ते म्हणाले. वाईट बोलले नाहीत, कपाळावर आठीही नव्हती, पण तिला त्यांचे बूट ऐकू आले. पाय सुजलेले, पाठ धरलेली, बाहेर तिच्यासाठी केक कापायला लोक खोळंबलेले. तिने आठ ओळी लिहिल्या. शेवटचा सांगितलेला रंग एका कोपऱ्यात टिपून ठेवायचा. पुढच्यालाही तोच हवा असेल तर कार्डाला पुन्हा सांगायचं नाही, त्याला माहीत आहेच. चित्र पळायला लागलं. साहेबांनी टाळी दिली. वर तिने एक कॉमेंट लिहिली, तात्पुरतं, परत आल्यावर काढते, आणि केक कापला. ठिपी दुसऱ्याच दिवशी पहाटे आली, तीन आठवडे लवकर. ठिपी हे नाव त्याच्याही आधीचं. पहिल्या सोनोग्राफीत नवरा म्हणाला होता, "हे काय, नुसता ठिपका!" आणि मग मुलगी झाली म्हणून ठिपी. कामावर परत आल्यावर तिने ती फाईल एकदा उघडली होती. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. फाईल बंद झाली. नंतरच्या दोन महिन्यांत ती फाईल तिच्या मनात कधीकधी कपाटातल्या न धुतलेल्या भांड्यासारखी आठवायची, आणि मग दूध, मग डबा, मग झोप. दरम्यान लायब्ररी कुणाकुणाला दिली गेली याची यादी तिने पाहिली नव्हती. खेळणी बनवणारे असतील, दुकानांचे पडदे असतील. दवाखान्याचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

स्क्रीनच्या मधोमध एक हिरवी पट्टी होती. वर एक आणि दोन, मग ही पट्टी, खाली तीन आणि चार. पट्टीवर घड्याळ आणि 'हात धुतले का?' तिने डोळे बारीक करून पट्टीची कड पाहिली. अक्षरं खरखरीत. हे तिच्या लायब्ररीतून आलेलं नव्हतं. कुणीतरी नंतर ही पट्टी घुसवली होती, तिच्या लायब्ररीला न विचारता, थेट कार्डाला 'हिरवा' सांगून. ती मनाशी पुटपुटत एकेक पायरी उतरली, पायऱ्या भिजलेल्या असाव्यात तशी. दोन लाल. माझी लायब्ररी टिपून ठेवते, लाल. मग पट्टीवाला गुपचूप कार्डाला म्हणतो, हिरवा. लायब्ररीला पत्ता नाही. मग तीन नंबर. तीनलाही लाल हवा असेल तर माझी लायब्ररी म्हणते, लालच तर आहे, पुन्हा कशाला सांगू. आणि कार्डाच्या हातात हिरवा. म्हणजे दोन आणि तीन एकाच वेळी गुदमरली, तरच. एकटी तीन गुदमरली तर लाल दिसेल. दोघं मिळून गुदमरली तर दोनकडे सगळे धावतील, आणि तीन हिरव्यात मरेल. मरेल हा शब्द मनात उच्चारला गेला तशी तिने जीभ चावली. खात्री नव्हती. पट्टी तिने लिहिलेली नव्हती, कोड समोर नव्हता. पण एकोणनव्वद तिने पाहिला होता, आणि तेव्हा दोन लाल होता.

त्या क्षणापासून ती दोन नंबरच्या बाळाकडे बघायला लागली. याची तिला लाज वाटली आणि तरी ती बघत राहिली. दोन नंबरची आई दमून खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपली होती. तिचा मुलगा वाफ घेऊन शांत पडला होता, चौऱ्याण्णव. तू बरा राहा, ती त्याला मनात म्हणाली, तू बरा राहा रे राजा, म्हणजे माझी दिसेल. आणि लगेच, हे कसलं मागणं! लेकराने बरं व्हायचं ते माझ्या रंगासाठी? ठिपी झोपेत कण्हली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, बाहेर येत होती. तिचं दूध पाझरलं, ब्लाऊज भिजला. शरीर कुणाच्याही कण्हण्याला पाझरत होतं, दोनच्या, चारच्या. काहीही न विसरणारं मूर्ख शरीर.

तीनच्या सुमारास मोठ्या सिस्टर आल्या. "काय हो ठिपीच्या आई, पोरगी सुधारतेय आणि तुम्ही उतरताय. तुम्हालाच ॲडमिट करू का?" तिने तोंड उघडलं. सिस्टर, तो स्क्रीन. मी लिहिलाय. त्यात माझी चूक. हे एवढं बोलायचं होतं. पण त्यापुढचं सगळं एका लोंढ्यात दिसलं, साहेब, कागद, चौकशी, हिने दवाखान्यात मुलांच्या जिवाशी, आणि जिभेवर आलं ते असं: "सिस्टर, मला खाट बदलून मिळेल का? ती एक नंबरची... खिडकीजवळ..." एक नंबरचं बाळ नुकतंच घरी गेलं होतं. सिस्टर हसल्या. "बस, एवढंच? घ्या की. उजेड बरा आहे तिकडे." नवऱ्याचा फोन आला, तो घरून कपडे आणायला गेला होता. खाट बदलतोय म्हटल्यावर म्हणाला, "घे ना मग, विचारतेस काय?" विचारत नव्हतीच ती. ठिपीला उचललं, वायर उचलली, क्लिप नव्या तारेला जोडली. दोन मिनिटांचं काम. एक नंबरचा चौकोन हिरवा झाला, शहाण्णव, आणि हा हिरवा खरा होता. तिने श्वास सोडला. इतका मोठा श्वास तिने तीन दिवसांत सोडला नव्हता. मग तिने तीन नंबरच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. सिस्टर तिथे धुतलेली चादर पसरत होत्या.

चारच्या आधी बाळ आलं. ठिपीपेक्षा लहान, दोनेक महिन्यांचं, मूठभर. सोबत नुसता बाप, हातात हेल्मेट, खांद्यावर बाळाची पिशवी, पिशवीतून एक मोजा लोंबकळत होता. बायको घरी मोठ्या मुलाजवळ थांबली होती, असं तो न विचारताच सांगत होता, सिस्टरना, डॉक्टरांना, भिंतीला. सिस्टरांनी त्याला रंगाचं सांगितलं. हिरवा म्हणजे झोपा. तो खुर्चीच्या अगदी टोकाला बसला आणि मान वर करून स्क्रीनकडे बघत राहिला, बस चुकू नये म्हणून पाटी बघत राहावं तसा. थोड्या वेळाने तिच्याकडे वळून ओशाळं हसला. "ताई, हिरवंच आहे ना आमचं?"

"हो," ती म्हणाली.

"मला रंग जरा कमी कळतात, म्हणून विचारलं. बायको हसते. पण हा कळतो. हिरवं आहे म्हणजे बरं आहे."

तिने मान खाली घातली. बूट ऐकू आले तिला, दोन्ही धाडधाड, आणि ते बाबांचे नव्हते. तिचेच होते. स्वतःच्या भीतीचा रंग तिने तिथे ठेवला होता, त्या खाटेवर, आणि पुढे येईल त्याच्या अंगावर तो पडणार होता. चादर बदलली तरी. हे बाळ तर कुणाच्या अध्यातमध्यात नाही, ते नुसतं तीन नंबरला आलं. दोनची आई जागी होऊन बाळाला थोपटत होती. मुलगा खोकायला लागला होता. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. ती उठली. आपण उठलो हे तिला टेबलापाशी पोचल्यावर कळलं.

"सिस्टर, स्क्रीन चुकतोय."

"कुठे चुकतोय?"

"दोन आणि तीन एकदम खाली गेले तर तीन लाल होत नाही. हिरवाच राहतो."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. बाजूला बसलेल्या डॉक्टर, तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघायला लागल्या. "तुम्ही शेवटचं जेवलात कधी?"

"डॉक्टर, मला वेड नाही लागलेलं. दुपारी ठिपीचा एकोणनव्वद होता आणि चौकोन हिरवा. मी पाहिलाय."

"एकोणनव्वद आणि नव्याण्णव यात डोळे फसतात हो, झोप नसली की," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाल्या. या मऊपणाचीच तिला भीती होती. "कंपनीचा माणूस सोमवारी येतो, त्याला सांगू हं."

सोमवारला तीन दिवस होते. तिला एकदम ओरडावंसं वाटलं, टेबल उलटवावंसं, स्क्रीनला स्टूल फेकून मारावंसं. त्याऐवजी तिच्या तोंडून कामावरचा आवाज निघाला, कोरडा, एकेक पायरीचा. तो आवाज आपल्यात अजून आहे याचंच तिला नवल वाटलं. "लाल व्हायची मर्यादा नव्वद आहे ना? ती तुम्हाला बदलता येते. दोनची आणि तीनची, दोघांची नव्याण्णव करा. बाळांना काही होणार नाही, नुसता आकडा बदलायचाय. दोन्ही चौकोन लाल व्हायला हवेत. झाले तर मी जेवायला जाते, झोपते, तुम्ही म्हणाल ते करते."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "करून बघायला काय जातंय," आणि बटणं दाबली. दोन नंबरची मर्यादा नव्याण्णव. चौकोन चटकन लाल झाला. दोनची आई किंचाळली, "काय झालं, काय झालं?" "काही नाही ग, तपासतोय," सिस्टर म्हणाल्या आणि तीन नंबरची बटणं दाबली. नव्वद, पंच्याण्णव, नव्याण्णव. चौघी जणी वर बघत होत्या, आणि तो बाप. तीन नंबरच्या चौकोनात शहाण्णव आकडा होता. त्याखाली बारीक अक्षरात, मर्यादा नव्याण्णव. आणि चौकोन हिरवागार. पट्टीवरचं घड्याळ एका मिनिटाने पुढे सरकलं. हिरवा. तिला वाटलं होतं आपण खरे ठरल्यावर काहीतरी सुटेल छातीतलं. काही सुटलं नाही. उलट आतापर्यंत एक दोरी होती, की आपण चुकत असू, तीही हातातून गेली. सिस्टरांनी दोनची मर्यादा पुन्हा नव्वद केली, तसा तीन नंबर तत्क्षणी लाल झाला, चोर पकडल्यासारखा.

"आई ग," सिस्टर हळूच म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरही असेच दोन स्क्रीन आहेत." डॉक्टरांनी फोन उचलला होता. "पण तुम्हाला कसं कळलं हे?"

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली. "यातलं चित्र काढणारं. चूक माझीय. आठ ओळी आहेत. काढायच्या राहिल्या." एवढंच वाक्य होतं, आणि दुपारपासून ती त्याच्याभोवती फिरत होती. सिस्टरांनी तिच्याकडे, मग एक नंबरच्या खाटेकडे, मग तीनकडे पाहिलं, आणि खाट बदलून का हवी होती ते त्यांना कळलं. ते कळताना तिने पाहिलं. तेवढं बघणं भाग होतं. मग सिस्टरांनी खणातून सलाईनच्या सुईवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी काढली, स्टुलावर चढून तीन नंबरच्या चौकोनावर आडवी-उभी डकवली, आकडा तेवढा उघडा ठेवला, आणि पेनाने वर लिहिलं, रंग पाहू नका. "खाली दोन्हीकडे जाऊन हेच करून ये," त्यांनी धाकट्या सिस्टरला पिटाळलं. स्टुलावरून उतरल्यावर तिला म्हणाल्या, "तुमच्या माणसांना फोन लावा. आत्ता. सोमवार नाही." आवाजात आता थट्टा नव्हती.

काकांनी पहिल्या घंटीला फोन उचलला. तिने सगळं सांगितलं, खाट बदलल्याचंही. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या, ते फाईल उघडत होते. "सापडलं," म्हणाले. "तुझी कॉमेंट आहे वर. तात्पुरतं, परत आल्यावर..."

"वाचू नका, काका."

"काढतोय. आठ ओळी. नवी प्रत सगळीकडे पोचायला मात्र उद्या दुपार होईल, किती जागी आहे ते बघायला लागेल. यादी बरीच मोठीय ग." त्यांचा आवाज चिरकला. "ती फाईल तपासून सही मी केली होती. तू एकटी नाहीस यात." तिला ते खरं वाटलं आणि त्याचा उपयोग काही झाला नाही. यादी मोठी होती. कुठल्या कुठल्या भिंतींवर, कुठल्या कुठल्या तीन नंबरला. उद्या दुपारपर्यंत.

ती परत वळली तेव्हा बाप उभा होता. हेल्मेट खुर्चीवर, हात लोंबकळलेले. चिकटपट्टी लावलेल्या चौकोनाकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो शिव्या देईल, दोन लगावेल, असं तिला वाटलं, आणि तिने गाल तयार ठेवला. लहानपणी ठेवायची तसा, पण या वेळी जो राग येणार होता तो तिचा स्वतःचा होता, तिच्याच नावाचा. तो म्हणाला, "ताई, मग मी आता काय बघू?"

दोन नंबरचा मुलगा पुन्हा खोकत होता. ठिपी एक नंबरवर झोपली होती, मूठ तोंडाशी. दोन पावलं होती तिथपर्यंत. ती तीन नंबरच्या खाटेशी गेली, बापाचा हात मनगटाशी धरला आणि बाळाच्या पोटावर ठेवला. त्याचा तळवा एवढा मोठा की बाळ सगळं त्याखाली झाकलं गेलं. "इथे," ती म्हणाली. "वर बघू नका. हे वर येतं, खाली जातं. आलं की मोजा."

तो वाट बघत राहिला. पोट वर आलं. "एक," तो म्हणाला. पोट खाली गेलं, थांबलं, जरा जास्तच थांबलं, पुन्हा वर आलं. "दोन."

"दोन नको," ती म्हणाली. "मागचा सोडून द्या. तो झाला. पुन्हा एक."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ओठ हलवत राहिला. तिने आपला हात त्याच्या हाताशेजारी, बाळाच्या छातीवर ठेवला, आणि खालून तो उचलला जायची वाट बघायला लागली.

"एक," तो म्हणाला.

"एक," ती म्हणाली.